मॉरिशसचं फ्रेंच साहित्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे निळे समुद्रकिनारे आठवतात, फार तर ऊसमळ्यांवर गेलेले भारतीय मजूर. या बेटावर दोन शतकांहून अधिक काळ फ्रेंचमध्ये लिहिलं जातंय, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतलं त्यातलं फार कसदार लेखन त्या मजुरांच्या खापरपणत्यांनी केलंय, हे फ्रेंच शिकणाऱ्या मराठी वाचकालाही सहसा ठाऊक नसतं. अभ्यासक्रम पॅरिसपासून सुरू होतो आणि बहुधा पॅरिसलाच संपतो. त्यापलीकडे पाहणाऱ्यांना पडणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मॉरिशसवर दीडशे वर्षं इंग्रजांचं राज्य होतं. मग तिथले लेखक फ्रेंचमध्ये का लिहितात?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि तो रास्तच आहे. बेट मुळात निर्मनुष्य. डचांनी १६३८ मध्ये तिथे वस्ती केली आणि १७१० मध्ये ते सोडून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि नाव ठेवलं 'ईल द फ्रांस'. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बुर्दोनेने पोर्ट लुईचं बंदर उभं केलं. पुढे १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास जिंकून घेणारा तो हाच. बंदर, रस्ते, मळे यांसाठी राबले ते मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. काही गुलाम हिंदुस्थानातूनही नेले गेले होते, हे आपल्या वाचकांना सहसा सांगितलं जात नाही.

नेपोलियनच्या काळात या बेटाच्या आधाराने फ्रेंच जहाजं इंग्रजांचा हिंदुस्थानशी चाललेला व्यापार लुटत. म्हणून इंग्रजांना ते हवं होतं. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोरच्या लढाईत ते हरले. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे. डिसेंबरमध्ये मात्र ते प्रचंड आरमार घेऊन परतले आणि बेट शरण आलं. शरणागतीच्या करारात एक अट होती: रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज तसेच राहतील. इंग्रजांना बंदराची गरज होती. तिथे स्थायिक होण्यात त्यांना फारसा रस नव्हता. त्यामुळे जमीन, साखर कारखाने, वर्तमानपत्रं, चर्च, सगळं फ्रेंचभाषक घराण्यांकडेच राहिलं. इंग्रजी आली ती कचेरीत, कोर्टात आणि शाळेच्या पुस्तकांत. दिवाणी कायद्याचा पाया आजही नेपोलियनच्या संहितेचा आहे. फ्रेंच शिकवणारी आलियांस फ्रांसेज पॅरिसमध्ये १८८३ मध्ये स्थापन झाली आणि १८८४ मध्ये मॉरिशसमध्ये तिची शाखा निघाली.

म्हणजे १८१० नंतर फ्रेंच ही राज्यकर्त्यांची भाषा उरली नाही, पण मालकांची भाषा म्हणून टिकली. या साहित्याचा सगळा ताण इथून येतो. मळ्याच्या मालकाची ही भाषा मजुराच्या नातवंडांनी कशी उचलली आणि तिच्यातून काय बोलून घेतलं, हे मला या बेटाच्या पुस्तकांतलं सर्वांत मोलाचं वाटतं.

मग लोक घरी फ्रेंच बोलतात का?

नाही. दहांपैकी आठ-नऊ घरांत मॉरिशियन क्रिओल बोलली जाते. मळ्यांवर मालक आणि वेगवेगळ्या भाषा बोलणारे गुलाम यांच्यात जी बोली घडली ती हीच. तिचे बरेचसे शब्द फ्रेंचमधून आलेले, पण व्याकरण तिचं स्वतःचं. घरात केवळ फ्रेंच बोलणारी कुटुंबं फार थोडी. तरी रोजचं वर्तमानपत्र फ्रेंचच असतं. 'ल मोरिसियँ' १९०८ पासून निघतं, 'लेक्सप्रेस' १९६३ पासून. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, पण सभासदाला फ्रेंचमध्ये बोलता येतं. त्यामुळे तिथल्या माणसाला एका दिवसात तीन भाषांतून ये-जा करावी लागते आणि लेखकाला त्यातली एक कागदासाठी निवडावी लागते.

'पोल ए व्हिर्जिनी' ही कादंबरी अजून वाचण्यासारखी आहे का?

आहे, पण डोळे उघडे ठेवून.

बेर्नार्दँ द सँ-पिएर हा फ्रेंच अभियंता १७६८ मध्ये बेटावर आला आणि १७७० पर्यंत राहिला. १७८८ मध्ये त्याची ही छोटी कादंबरी आली आणि तिने युरोप रडवला. डोंगराच्या कुशीत दोन निराधार आया आपली मुलं एकत्र वाढवतात. पोल आणि व्हिर्जिनी निसर्गात, निष्पाप, एकमेकांवर जीव लावून मोठी होतात. मग व्हिर्जिनीला वारशासाठी फ्रान्सला धाडलं जातं. परतताना किनाऱ्याजवळ वादळात तिचं जहाज फुटतं. वाचवायला आलेला खलाशी तिला अंगावरचे जड कपडे उतरवायला सांगतो, ती लाजेपोटी नकार देते आणि पोलच्या डोळ्यांदेखत बुडते. यातलं सँ-जेराँ हे जहाज खरं आहे. १७४४ मध्ये ते बेटाच्या ईशान्य किनाऱ्याजवळ बुडालं. ही जागा लक्षात ठेवा, पुढच्या एका उत्तरात ती पुन्हा लागणार आहे.

आज वाचताना खटकतं ते वेगळंच. या सुखी संसारात दॉमँग आणि मारी हे दोन गुलाम आहेत. शेत कसतात, रांधतात, आणि कथा त्यांना घरच्यासारखं मानून पुढे जाते. एका प्रसंगात मळ्यावरून पळालेली, पाठीवर वळ उठलेली एक गुलाम स्त्री त्यांच्या दारी येते. मुलं दया येऊन तिला घेऊन जातात आणि तिच्या मालकाकडेच तिच्यासाठी क्षमा मागतात. मालक क्षमेचं वचन देतो आणि नंतर तिला पुन्हा साखळदंडात घालतो. मुलांची दया खरी आहे, पण तिला मार्ग सापडतो तो पुन्हा मळ्याचाच.

लेखकाला हे दिसत नव्हतं असं म्हणता येणार नाही. १७७३ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गुलामांवरच्या अत्याचारांबद्दल एक संतप्त पत्र आहे. कॉफी आणि साखर युरोपच्या सुखासाठी गरजेची आहेत की नाहीत ते माहीत नाही, पण या दोन पिकांनी जगाचे दोन भाग दुःखात लोटले, अशा अर्थाचं तो तिथे लिहितो. माझा सल्ला असा की हे पत्र आणि कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच माणसाने पाहिलेलं बेट प्रवासवर्णनात किती उघडं आहे आणि कादंबरीत किती झाकलंय, ते लगेच कळतं.

फ्रेंच कवी बोदलेअर खरंच मॉरिशसला गेला होता का?

हो, सप्टेंबर १८४१ मध्ये, विशीत असताना. सावत्र वडिलांनी त्याला सुधारण्यासाठी कलकत्त्याच्या जहाजावर बसवलं होतं. वाटेत तो मॉरिशसला उतरला, एका फ्रेंच कुटुंबाकडे राहिला, शेजारच्या रियुनियन बेटापर्यंत गेला आणि तिथूनच मागे फिरला. कलकत्ता राहिलंच. यजमानीणबाईंसाठी लिहिलेली 'आ युन दाम क्रेओल' ही कविता या प्रवासाचं फळ. दुसरी एक कविता मलबारी स्त्रीवर आहे. ती मालकाची चिलीम पेटवते, पाणी भरते, डास हाकलते, आणि फ्रान्स पाहायची ओढ का धरतेस असं कवी तिला विचारतो. फ्रेंच आधुनिक कवितेच्या दारात उभी असलेली ही भारतीय मोलकरीण एक शब्दही बोलत नाही. ती बोलायला लागेपर्यंत पुढे शतकभराहून जास्त काळ लोटला.

भारतीय लोक तिथे नेमके कधी आणि का गेले? त्यांत मराठी माणसं होती का?

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. साठ हजारांहून अधिक माणसं मुक्त झाली. नुकसानभरपाई मात्र मिळाली मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. ज्यांनी आयुष्यभर राबून बेट उभं केलं त्यांच्या हाती काही पडलं नाही. ऊस तर तोडायचाच होता, म्हणून मळेवाले आधीपासूनच हिंदुस्थानकडे वळले होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा आकडा साडेचार लाखांच्या आसपास गेला. ठरलेल्या वर्षांचा करार (यालाच 'गिरमिट' म्हणत), ठरलेली मजुरी, आणि कामावर न आल्यास पगारकपात किंवा तुरुंग, असं त्याचं स्वरूप. जिथे त्यांची नोंद व्हायची तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. धक्क्यावरून वर जाणाऱ्या त्याच्या पायऱ्या आजही शाबूत आहेत.

बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले: बिहारी, तमिळ, तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले कमी, पण होते, आणि त्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे बरेच. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. घरात क्रिओल, पण शाळांत मराठी शिकायची सोय आहे. कोकणातल्या जाखडीच्या वंशातली 'झाकरी' तिथे अजून नाचली जाते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते.

या मजुरांनी स्वतः काय लिहिलं?

पहिल्या पिढ्यांनी कागदावर जवळजवळ काहीच नाही. त्यांच्याबद्दल लिहिलं ते नोंदणी कारकुनाने, जहाजावरच्या डॉक्टरने, मळ्याच्या हिशेबनिसाने. त्यांचं स्वतःचं होतं ते गाण्यांत: भोजपुरी लग्नगीतं, रामायणाची पारायणं, तमिळ भजनं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचमध्ये लिहिणारा वर्ग वेगळा, मळेवाल्यांचा आणि शहरी सुशिक्षितांचा. त्यांच्या लेखनात भारतीय माणूस दिसतो तो बहुतेक वेळा उसाच्या फडासारखाच, मागच्या देखाव्यात.

मजुरांच्या कष्टाची मोठी कादंबरी आधी आली ती हिंदीत. अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना', १९७७ मध्ये. तिचं फ्रेंच भाषांतर २००१ मध्ये निघालं आणि त्याला प्रस्तावना कादंबरीकार ल क्लेझिओची होती.

ल क्लेझिओ फ्रान्सचा की मॉरिशसचा?

जन्म १९४० मध्ये नीसचा, घराणं मॉरिशसचं, नोबेल २००८ चं. त्याचे पूर्वज अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातून बेटावर गेले होते. पुढे घराण्याची एक शाखा तिथल्या वडिलोपार्जित घरातून बाहेर पडली, आणि त्या गमावलेल्या घराची सल त्याच्या अनेक पुस्तकांत आहे. १९८५ च्या 'ल शेर्शर दॉर'मध्ये त्याने आजोबांचा खजिन्याचा ध्यास कादंबरीत आणला. ती वाचनीय आहे. तरी एकच वाचणार असाल तर १९९५ ची 'ला कारांतेन' घ्या.

१८९१ साल. जहाजावर देवीचा रोग आढळतो म्हणून मॉरिशसला निघालेल्या प्रवाशांना वाटेतच 'ईल प्लात' नावाच्या ओसाड बेटावर उतरवून ठेवतात. बेटाच्या एका टोकाला गोरे प्रवासी, दुसऱ्या टोकाला शेकडो भारतीय मजूर. मध्ये न दिसणारी, पण सगळ्यांना पाठ असलेली सीमा. मॉरिशसमध्ये स्वतःचं घराणं असलेला तरुण लेओँ ही सीमा ओलांडतो, कारण त्याला सूर्यवती भेटते. सूर्यवतीची आई अनंता ही मुळात १८५७ च्या कानपूरमधली एक गोरी पोर. कत्तलीनंतर गिरीबाला नावाच्या स्त्रीने तिला उचललं, आपली लेक म्हणून वाढवलं आणि मजुरांच्या जहाजातून मॉरिशसला नेलं. कानपूर म्हटलं की मराठी मनात नानासाहेब पेशवे येतात, तात्या टोपे येतात. त्याच आगीतून वाचलेलं एक मूल हिंदी महासागराच्या पलीकडे वेगळ्याच गोतावळ्यात रुजतं, ही कल्पना मला फार मोठी वाटते. कोण गोरं, कोण कुली, कोण मालकाच्या रक्ताचं, हे सगळे हिशेब त्या एका मुलीपाशी कोलमडतात.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. ल क्लेझिओचे भारतीय काही वेळा जरा जास्तच शांत आणि गूढ आहेत. सूर्यवतीचं सौंदर्य आपल्याला भरभरून दिसतं. तिचा राग, तिची रोजची कुरबुर, क्वचितच. ते ऐकायचं तर पुढच्या लेखिकांकडे जावं लागतं.

मालकॉम द शाझाल कोण?

साखर अभियंता, चित्रकार आणि फार विलक्षण लेखक (१९०२–१९८१). त्याचं 'साँस-प्लास्तिक' १९४८ मध्ये पॅरिसच्या गालिमार प्रकाशनाने छापलं आणि आंद्रे ब्रतोँसारखे अतिवास्तववादी कवी थक्क झाले. फुलं, रंग, चेहरे यांबद्दलची एक-दोन ओळींची वाक्यं, हजारोंनी. एका बैठकीत वाचू नका, रोज पानभर पुरे.

गिरमिटियांची कथा फ्रेंचमध्ये त्यांच्याच वंशजांनी लिहिली आहे का?

लिहिली आहे, आणि इथेच या साहित्याचं केंद्र हललं.

खाल तोराबुली या कवीने १९९२ मध्ये 'काल देत्वाल, कुलीत्यूद' हा संग्रह काढला. आफ्रिकी वंशाच्या कवींनी, मार्तिनिकच्या सेझेरने आणि सेनेगलच्या साँघोरने, काळेपणाचा अपमान उलटवून 'नेग्रित्यूद' उभारली होती. तोराबुलीने जहाजाच्या तळघरातून आलेल्या मजुराला तसंच मध्यभागी आणलं. फरक असा की त्याला परत जाण्यासाठी एखादं मूळ घर शोधायचं नाही. त्याच्या दृष्टीने समुद्रप्रवासातच नवी माणसं घडली, आणि त्यात गुलामांच्या वंशजांशी असलेलं नातंही येतं.

नताशा आपाना यांनी २००३ मध्ये 'ले रोशे द पूद्र दॉर' लिहिली. पूद्र दॉर हे ईशान्य किनाऱ्यावरचं गाव, सँ-जेराँ बुडालं त्या समुद्राजवळचं. व्हिर्जिनीच्या मृत्यूने जो किनारा जगाला माहीत झाला, तिथे आता १८९२ मध्ये हिंदुस्थानातून आलेली माणसं पोचतात. दगड उचलला की खाली सोनं सापडतं, असं त्यांना सांगून आणलेलं असतं. कादंबरीचा जहाजावरचा भाग इंग्रज डॉक्टरच्या डायरीतून येतो, आणि ही निवड फार अचूक आहे: त्याची किळस, त्याची भीती, माणसांना मोजण्याची त्याची सवय. वाचकाला आधीच ओळखीची झालेली माणसं त्या डायरीत निव्वळ आजारी शरीरं होतात. दप्तरात नोंद कशी होते, हे यापेक्षा नेमकं दाखवणारं पान मी क्वचितच वाचलं असेल.

आपानांचे स्वतःचे पूर्वज तेलुगू मुलखातून १८७२ मध्ये तिथे पोचले. त्यांच्याबद्दल त्यांनी २०२३ मध्ये 'ला मेम्वार देलावे' लिहिलं. बेटावर उतरताच प्रत्येकाला मिळालेला नोंदणी क्रमांक आणि घरात ऐकलेल्या अर्धवट गोष्टी एवढ्याच भांडवलावर उभं राहिलेलं ते पुस्तक आहे.

त्यांची २००७ ची 'ल देर्निए फ्रेर'ही सोडू नये. १९४० मध्ये नाझींपासून पळून पॅलेस्टाइनला पोचलेल्या दीड हजारांहून अधिक ज्यूंना इंग्रजांनी तिथून हाकलून मॉरिशसच्या बो-बासँ तुरुंगात डांबलं, युद्ध संपेपर्यंत. या कादंबरीत त्या तुरुंगातला अनाथ दाविद आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्याचा मुलगा राज यांची मैत्री आहे. राजला बाहेरच्या युद्धातलं काही ठाऊक नाही, त्याने आपले भाऊ गमावलेत एवढंच. युरोपातला संहार ऊसमळ्यांपर्यंत कसा पोचला, हे एका पोराच्या नजरेतून कळतं.

आनंदा देवींचं इतकं नाव का?

जन्म १९५७, मुळं तेलुगू, शिक्षण मानववंशशास्त्राचं, आणि लेखन निर्भीड. आधीच्या लेखकांनी पूर्वजांच्या दुःखाला मान मिळवून दिला. आनंदा देवींनी त्याच समाजाच्या घरात शिरून विचारलं, इथल्या बायकांचं काय?

'पगली' (२००१) या कादंबरीत भारतीय वंशाची स्त्री लग्नात अडकली आहे आणि तिचं प्रेम एका क्रिओल (गुलामांच्या वंशातल्या) कोळ्यावर आहे. तिला कोंडून घालतात त्या घरच्या, शेजारच्या बायकाच. वंशाची शुद्धता राखणं हे त्यांनी आपलं कर्तव्य मानलेलं. परदेशात गेलेला समाज आपली ओळख जपतो याचं आपण कौतुक करतो. त्या जपण्याची किंमत कोण चुकवतं, ते ही कादंबरी सांगते. जात आणि घराण्याची अब्रू यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला तिच्यातलं काहीच परकं वाटणार नाही.

२००६ ची 'एव्ह द से देकोंब्र' हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. पोर्ट लुईच्या कडेला 'त्रुमारोँ' ही काल्पनिक वस्ती. कपड्यांचे कारखाने बंद पडलेले, पोरं रिकामी, पर्यटकांचं मॉरिशस डोंगराच्या पलीकडे. एव्ह, साविता, साद आणि क्लेलिओ, चार तरुण आवाज आळीपाळीने बोलतात. एव्हने लहानपणापासून आपलं शरीर हाच व्यवहाराचा मार्ग केलाय. सादला शाळेत रँबो सापडतो आणि तो भिंतींवर कविता लिहू लागतो. रँबो इथे वर्गात शिकवायचा थोर फ्रेंच कवी राहत नाही, बेकार वस्तीतल्या पोराच्या हातातलं हत्यार होतो. या कादंबरीला त्याच वर्षी फ्रेंचभाषक राष्ट्रांच्या फ्रँकोफोनी संघटनेचा 'पाच खंड' पुरस्कार मिळाला आणि २०१२ मध्ये तिच्यावर चित्रपट झाला. २०२४ चा न्यूश्टाट हा आंतरराष्ट्रीय साहित्य पुरस्कारही आनंदा देवींना मिळाला आहे.

त्यांचं फ्रेंच वाचायला अवघड नाही, पण सोसायला अवघड आहे. हिंसेचे प्रसंग थेट आहेत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

फ्रेंच सोडून क्रिओलमध्ये साहित्य आहे का?

आहे, आणि ते बोलीच्या गमतीपुरतं नाही. देव वीरासामी (निधन २०२३) यांनी जन्मभर क्रिओलमध्ये नाटकं आणि कविता लिहिल्या. शेक्सपिअरच्या वादळी बेटाच्या नाटकावरून त्यांनी १९९१ मध्ये 'तूफान' रचलं. २०१२ पासून क्रिओल प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते. पण पुस्तकाची बाजारपेठ, समीक्षा, पुरस्कार पॅरिसला आहेत आणि त्यामुळे बहुतेक कादंबरीकार फ्रेंचकडेच राहिले. गुलामांच्या वंशजांची स्वतःची कथनं या लेखनात अजून कमी आहेत, ही उणीव मला मोठी वाटते. त्यांचा इतिहास सेगा नावाच्या त्यांच्या गाण्यांत आणि ल मॉर्नच्या डोंगराभोवतीच्या आठवणींत जास्त सापडतो. पळालेले गुलाम तिथे लपत असत. ल मॉर्न २००८ मध्ये जागतिक वारसास्थळ झालं.

शागोसचा या साहित्याशी काय संबंध?

मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, १९६५ मध्ये, ब्रिटनने हिंदी महासागरातली शागोस बेटं त्याच्यापासून तोडली. पुढे त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी तळ उभारता यावा म्हणून १९७३ पर्यंत तिथल्या सगळ्या रहिवाशांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून सोडलं. शेनाझ पटेल यांची 'ल सिलाँस दे शागोस' (२००५) ही कादंबरी या विस्थापितांच्या साक्षींवर उभी आहे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उभी राहून समुद्राकडे पाहणारी शार्लेझिया तिच्यात आहे आणि बेटावरून नेणाऱ्या जहाजातच जन्मलेला मुलगाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये हे तोडणं बेकायदा असल्याचं मत दिलं. ते मत वाचणाऱ्यांनी ही कादंबरीही वाचावी. धरणांमुळे उठवलेली गावं आपल्याकडे कमी नाहीत.

'फ्रँकोफोन लेखक' म्हटलेलं या लेखकांना चालतं का?

बऱ्याच जणांना नाही. पॅरिसमध्ये जन्मलेला तो 'फ्रेंच' लेखक आणि बेटावर जन्मलेला 'फ्रँकोफोन', अशी ही विभागणी चालत आली. मार्च २००७ मध्ये ४४ लेखकांनी 'ल मोंद'मध्ये जाहीरनामा काढून तिला विरोध केला: फ्रेंचमध्ये लिहिलेलं सगळं एकाच दर्जाचं जागतिक साहित्य माना. सह्या करणाऱ्यांत ल क्लेझिओ आणि आनंदा देवी दोघंही होते. फ्रँकोफोनी ही राष्ट्रांची संघटना वेगळी. ती १९७० मध्ये नायजरच्या नियामे शहरात सुरू झाली आणि तिची १९९३ ची शिखर परिषद मॉरिशसमध्येच भरली होती.

वसाहतीची भाषा वापरणं ही शरणागती आहे का, असाही प्रश्न येतो. मला तसं वाटत नाही. या बेटावर सर्वांत आधी कोणाचीच भाषा नव्हती. फ्रेंच, मलागासी, भोजपुरी, तमिळ, मराठी, सगळ्या जहाजाने आल्या. त्यातली एक मालकाच्या हाती होती म्हणून ती कायम मालकाचीच राहावी, असा नियम कोणी मान्य करण्याचं कारण नाही.

वाचायला सुरुवात कुठून करू? फ्रेंच किती यायला हवं?

बी-वन (म्हणजे भाषेची मधली पातळी) झालं असेल तर आपानांपासून सुरुवात करा. वाक्यं सरळ, कथा बांधीव. आनंदा देवींसाठी त्याच्या वरचं बी-टू असावं. ल क्लेझिओची भाषा सोपी आहे, पण पुस्तकं लांब. शाझाल सगळ्यात शेवटी. पुण्या-मुंबईतल्या आलियांस फ्रांसेजच्या ग्रंथालयांत चौकशी करता येईल.

फ्रेंच येत नसेल तरी थांबू नका. 'एव्ह', 'ल देर्निए फ्रेर', शागोसची कादंबरी आणि 'ल शेर्शर दॉर' या सगळ्यांची इंग्रजी भाषांतरं आहेत. 'पगली'चं इंग्रजी तर आनंदा देवींनी स्वतः केलंय. यांतलं एखादं पुस्तक थेट फ्रेंचमधून मराठीत यावं असं मनापासून वाटतं, आणि पहिला मान 'ले रोशे द पूद्र दॉर'चा असावा. ती कथा मराठीत वाचताना कोकणातून गेलेल्या माणसांचाच मागोवा घेतल्यासारखं होईल.

आमच्या गावातून कोणी तिकडे गेलं होतं, असं घरात सांगतात. शोध घेता येतो का?

घेता येतो. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत मजुराचं नाव, वडिलांचं नाव, गाव, जहाज, आल्याची तारीख असे तपशील आढळतात, आणि पुढच्या काळातल्या अनेकांची छायाचित्रंही. नावांचं आणि गावांचं स्पेलिंग मात्र कारकुनाने कानाला लागेल तसं केलेलं असतं. म्हणून शोधताना आडनावावर विसंबू नका. तालुका, जहाज सुटलं ते बंदर आणि अंदाजे साल हाताशी ठेवा, आणि गावाच्या नावाचे चार-पाच वेगवेगळे उच्चार लिहून पाठवा.